गिरगावच्या वाड्या

रिसोड, मेहकर किंवा वाशीम या बाजूच्या मुलांना 'वाडी' हा शब्द नवा नाही. मोठ्या गावापासून थोडी दूर असलेली पाचपंचवीस घरांची वस्ती, भोवती तुरीची आणि सोयाबीनची शेते, मध्ये एखादे मारुतीचे देऊळ, हे चित्र त्या शब्दासरशी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मुंबईच्या दक्षिण भागात मात्र अशा काही वाड्या आहेत की, त्यांत शेत नाही, बैल नाहीत आणि मोकळे आकाशही चिंचोळ्या पट्टीएवढेच दिसते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, ताडवाडी, कांदेवाडी अशी त्यांची नावे आहेत. या वाड्यांचा जो समूह, त्याला गिरगाव म्हणतात.

नावे नीट वाचली म्हणजे त्यांच्यातून या भागाचा जुना इतिहास डोकावतो. कोकणपट्टीत 'वाडी' म्हणजे झाडांची बाग. नारळीची वाडी, पोफळीची वाडी असे तेथील लोक आजही म्हणतात. गिरगावात मुगभाट आणि बोरभाट अशीही ठिकाणे आहेत. त्यांतील 'भाट' हा शब्द गोमंतकातील कोकणी बोलीत माडांच्या किंवा फळझाडांच्या बागेसाठी आजही वापरतात. म्हणजे जेथे आज माणसे खांद्याला खांदा लावून चालतात, तेथे एके काळी आंबा, फणस आणि ताड यांची गर्द सावली होती. 'गिरगाव' या नावाची व्युत्पत्तीही अशीच सांगतात. गिरी म्हणजे डोंगर. मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव ते गिरगाव. येथील रेल्वे स्थानकाचे नाव 'चर्नी रोड' आहे. या बाजूस गुरांची चरणी होती, म्हणून ते नाव पडले. सरकारने चराईवर कर बसविला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी गृहस्थांनी पदरचे पैसे खर्चून येथे कुरण विकत घेतले व गरिबांच्या गुरांना ते मोकळे करून दिले, अशी हकीकत सांगण्यात येते. आज त्या स्थानकावर गवताची काडी शोधूनही सापडावयाची नाही!

बागा जाऊन घरे आली, ती एकोणिसाव्या शतकात. मुंबईचा व्यापार वाढला, किल्ल्याच्या आतील वस्ती दाटली आणि १८६०नंतर किल्ल्याचे तटही पाडण्यात आले. कचेऱ्या, पेढ्या, न्यायालये आणि शाळा यांमध्ये लिहिणारे, हिशेब ठेवणारे, शिकविणारे हजारो लोक हवे होते. ते कोकणातून बोटीने आले, देशावरून आगगाडीने आले. कचेरीपर्यंत पायी जाता येईल एवढ्या अंतरावर त्यांना बिऱ्हाड पाहिजे होते, आणि गिरगाव तेवढ्याच अंतरावर होते. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली, आणि हे अंतर आणखीच कमी झाले. बागांच्या मालकांनी झाडे तोडून चाळी बांधल्या. झाडांची नावे तेवढी मागे राहिली.

चाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिची रचना थोडी सांगावयास हवी. तीन किंवा चार मजल्यांची लाकडी खांबांची इमारत. प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा सज्जा. त्या सज्ज्यावर ओळीने उघडणारी दारे. दाराआड एक खोली, फार झाले तर दोन. त्यात आईवडील, चारपाच मुले, आजी आणि परीक्षेसाठी गावाहून आलेला एखादा पुतण्या अशी आठदहा माणसे नांदत. नळ सर्वांचा मिळून एक, शौचकूप मजल्याच्या टोकाला. खोली इतकी अपुरी की, तिच्यात मावत नाही ते सारे सज्ज्यात येई: वाळत घातलेले कपडे, अभ्यासाला बसलेला मुलगा, तांदूळ निवडणारी आजी, वर्तमानपत्र वाचणारे काका. सज्ज्यातही मावत नाही ते खालच्या चौकात उतरे. म्हणून चाळीतील कोणाचेही आयुष्य पूर्णपणे खाजगी नसे. कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली आणि कोणाचा मुलगा गणितात नापास झाला, हे अर्ध्या घटकेत तिन्ही मजल्यांना कळे. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती अशा वाचकांनाही हे जग घरचे वाटू लागले. पुलंचा जन्म १९१९ साली गिरगावाला लागूनच असलेल्या गावदेवीत झाला होता.

आता या वाड्यांतून राहत तरी कोण होते? पाठारे प्रभू हे मुंबईचे जुने रहिवासी. त्यांची येथे मोठी घरे होती. कोकणातून आलेले ब्राह्मण, सारस्वत, भंडारी, मराठे. काळबादेवी आणि भुलेश्वर या बाजूंना गुजराती व्यापारी. चर्नी रोडजवळ पारशी, ज्यांचे लग्नसमारंभ ऑल्ब्लेस बागेत होत आले आहेत. धोबीतलावाच्या अंगाला गोमंतकातून नोकरीसाठी आलेले ख्रिस्ती. एकाच रस्त्यावर देवळातील घंटा, चर्चमधील प्रार्थना आणि अग्यारीकडे जाणारे पांढऱ्या डगल्यातील वृद्ध असे सारे पाहावयास मिळे.

या सर्वांत निराळी आहे ती खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या मालकीची ही जमीन होती. त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. ईस्ट इंडियन हे नाव परदेशी वाटते; परंतु हे लोक मुंबई, साष्टी, वसई या भागातील मूळचेच रहिवासी होत. पोर्तुगिजांच्या काळात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. कामधंद्यासाठी गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे कळावे, म्हणून १८८७ साली त्यांनी हे इंग्रजी नाव स्वतःच घेतले. त्यांची घरगुती बोली मराठीचीच एक बोली आहे, त्यांच्या बायका लुगडे नेसत, आणि लग्नातील त्यांची जुनी गाणी ऐकली तर आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकणाऱ्या कानांना ती परकी वाटणार नाहीत. उन्हाळ्यात मिरच्या आणि अनेक प्रकारचे गरम मसाले भाजून, कांडून ते बाटल्यांत भरून ठेवतात. त्या मसाल्याला ते 'बाटली मसाला' असेच म्हणतात. खोताच्या वाडीतील त्यांची घरे चाळीहून अगदी वेगळी आहेत: एक किंवा दोन मजली, कौलारू, पुढे लाकडी कठड्याची ओटी, बाहेरच्या बाजूने वर जाणारा जिना, आणि भिंतींना निळा, पिवळा, तांबडा असा ठसठशीत रंग. नाताळाच्या दिवसांत प्रत्येक दारावर कागदी चांदणी टांगलेली असते. गल्ली इतकी अरुंद की, समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेल्या दोघांना आवाज न चढविता बोलता यावे. पलीकडच्या चाळीत गोकुळाष्टमीची हंडी आणि अलीकडच्या वाडीत क्रूसापुढे लावलेल्या मेणबत्त्या, यांत अंतर असते ते पन्नास पावलांचे.

अशा दाटीवाटीच्या जागी कला कशी रुजली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कलेला निवांतपणा लागतो, राजाश्रय लागतो, असे आपण ऐकतो. गिरगावात ना राजवाडा होता ना निवांतपणा. तेथे होती ती एकच गोष्ट: जवळीक. लेखक, त्याचा मुद्रक, त्याचा प्रकाशक, त्याचा टीकाकार आणि त्याचा वाचक हे सारे पाऊण मैलाच्या आत राहत होते. गवयाला शिष्य पलीकडच्या गल्लीत मिळे आणि नटाला प्रेक्षक खालच्या मजल्यावर. जोडीला भाडे स्वस्त होते आणि खानावळीत थोड्या पैशांत पोटभर जेवण मिळे. ज्याची कमाई बेताची, पण अंगात काही गुण आहे, अशा तरुणाला मोठ्या शहरात तग धरून राहण्यासाठी याहून अधिक काय हवे? फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये, माँमार्त्र नावाची एक टेकडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पिकासोसारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार तेथे एका जुनाट, थंडीने गारठलेल्या इमारतीत राहत असत, याचे कारणही स्वस्त भाडे हेच होते. पुढे ती टेकडी प्रसिद्ध झाली, भाडी वाढली, आणि चित्रकार निघून गेले. गिरगावची कथा थोडी वेगळ्या वळणाने गेली. ती पुढे येईलच.

नाटकापासून आरंभ करू. गिरगावच्या उत्तरेस ग्रँट रोडवर, नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर, १८४६ साली एक नाट्यगृह उभे राहिले होते. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ साली तेथे तिकीट लावून मराठी नाटकाचे प्रयोग केले. तोपर्यंत नाटक हे राजाच्या दरबारी किंवा देवाच्या उत्सवात पाहावयाचे. पैसे देऊन खुर्चीवर बसून पाहावयाचे हा प्रकार नवा होता. नाटक मंडळ्यांना मुंबईचा प्रेक्षक मिळू लागला आणि त्या प्रेक्षकांतील मोठा भाग गिरगावच्या चाळींतून येई. गुजराती रंगभूमीची काळबादेवीवरील भांगवाडी तर दोन गल्ल्यांपलीकडे होती. १९११ साली सम्राट पंचम जॉर्ज यांच्या हस्ते 'रॉयल ऑपेरा हाऊस'चे उद्घाटन झाले, तेव्हा त्याचे बांधकाम पुरे व्हावयाचे होते. कोलकात्याचे एक नाट्यव्यावसायिक आणि मुंबईचे एक पारशी कोळसा-व्यापारी यांनी ते युरोपीय संगीतिकांसाठी बांधविले. पण पुढे त्याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर घुमले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, डागडुजी होऊन पुन्हा उघडले.

संगीताची गोष्ट अशीच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली त्याची शाखा मुंबईत सुरू केली. त्यासाठी या भागातील सँडहर्स्ट रस्त्यावर त्यांनी कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटले नाही, इमारत गेली. परंतु तोवर तेथून शिकून बाहेर पडलेले शिष्य देशभर पसरले होते. त्यांपैकी बा. र. देवधर यांनी १९२५ साली ऑपेरा हाऊसजवळ आपली संगीतशाळा काढली. त्या काळी एका घराण्याचा गवई दुसऱ्या घराण्याचे गाणे शिष्याच्या कानांवर पडू देत नसे. देवधरांनी मात्र सर्व घराण्यांच्या गवयांना आपल्या शाळेत बोलाविले आणि मुलांना सर्वांचे गाणे ऐकविले. कर्नाटकातून आलेला एक लहान मुलगा तेथे राहून शिकला. तो पुढे कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला.

चाळीच्या चौकाचा उपयोग केवळ कपडे वाळविण्यासाठी होत नसे, हे दाखविणारा दिवस १८९३ साली उगवला. लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक करावा असे सांगितले, आणि त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत तो सुरू झाला. चौकात मांडव, त्यात मूर्ती आणि पुढे दहा दिवस व्याख्याने, कीर्तने, मेळे, गाणी, नकला, नाटके. बघणारे सज्ज्यांतून बघत. तिन्ही बाजूंस मजल्यांवर मजले आणि मध्ये चौक, म्हणजे एखादे आयते नाट्यगृहच! रंगभूमीवर पुढे नाव काढणाऱ्या कित्येकांनी तोंडाला पहिला रंग लावला तो अशाच एखाद्या मांडवात. शहरात इतरत्र वीस-वीस फूट उंचीच्या मूर्ती बसू लागल्या. केशवजी नाईकांच्या चाळीतील मूर्ती मात्र लहानच राहिली आणि तिची मिरवणूक पालखीतूनच निघते. मला स्वतःला हा हट्ट आवडतो.

याच परिसरात आणखी एक गोष्ट जन्माला आली. १९११ साली धुंडिराज गोविंद फाळके नावाचे गृहस्थ गिरगावातील एका चित्रगृहात गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते. ते पाहता पाहता त्यांच्या मनात आले की, आपल्या राम-कृष्णांना असे पडद्यावर कधी पाहावयास मिळेल? हातात पैसा नव्हता, कोणाचा आधार नव्हता. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुर वर येताना दाखविणारा एक छोटा पट केला. तो पाहून भांडवल देणारा मनुष्य मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि रात्री जागून फिल्म धुण्याचे कामही केले. तारामतीचे काम करावयास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके या तरुणाला ती भूमिका देण्यात आली. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी लोकांना दाखविण्यात आला तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात. पुढे १४ मार्च १९३१ रोजी भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' दाखविला गेला तो गिरगावातीलच मॅजेस्टिक चित्रगृहात. गर्दी आवरण्यासाठी पोलिस बोलवावे लागले. दुसऱ्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' या प्रभात कंपनीच्या चित्रपटातून मराठी भाषा पडद्यावर प्रथम बोलली, तीही मॅजेस्टिकमध्येच.

परंतु ज्या गिरगावाने बोलपटाला डोक्यावर घेतले, तेथेच त्याचा घाव नाटकावर बसलेला दिसू लागला. थोड्या आण्यांत गाणी, दृश्ये आणि मोठमोठे नट पाहावयास मिळू लागल्यावर नाटकाला कोण जाणार? एकामागून एक नाटक कंपन्या बुडाल्या. नाट्यगृहांच्या मालकांनी रंगमंचावर पडदे लावून त्यांची चित्रपटगृहे केली. मराठी नाटक संपले, असे शहाणी माणसे म्हणू लागली. अशा वेळी ज्यांनी हार मानली नाही त्यांत डॉ. अमृत नारायण भालेराव हे प्रमुख होते. ते नट नव्हते, नाटककारही नव्हते. व्यवसायाने डॉक्टर होते. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे ते प्राण होत. संघाने नाट्यमहोत्सव भरविले, जुनी नाटके पुन्हा उभी केली, नव्या लेखकांना आणि नटांना बोलाविले. जवळ नाट्यगृह नव्हते तेव्हा उघड्यावर प्रयोग केले. पुढे केळेवाडीत संघाचे स्वतःचे नाट्यगृह झाले आणि त्यास भालेराव यांचेच नाव देण्यात आले. बोलपटाचे मॅजेस्टिक आणि नाटकाची केळेवाडी यांमध्ये चालत जाण्यास फार वेळ लागत नाही.

छापखान्यांविषयी थोडक्यातच सांगतो, जरी माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला तेथे रेंगाळावेसे वाटते. काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीत जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना होता. त्याच्या देवनागरी अक्षरांची सुबकता इतकी की, संस्कृत ग्रंथ शुद्ध आणि सुंदर हवा असेल तर तो निर्णयसागरचाच, असे काशीचे पंडितही मानीत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली 'नवाकाळ' सुरू केला. ते पत्रकार होते तसेच 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांचे कर्तेही होते. गिरगावातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. खटाववाडीत मौज छापखाना आणि तेथूनच निघणारे 'सत्यकथा' मासिक. नव्या कवीची कविता 'सत्यकथे'त आली म्हणजे त्याला कवी म्हणून मान्यता मिळाली, असा एक काळ होता. अर्थात दबदबा म्हटला की बंडही आलेच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण लेखकांनी खटाववाडीत जाऊन त्या मासिकाच्या अंकाची होळी केली! १९८२ मध्ये ते मासिक बंद झाले. मॅजेस्टिक चित्रगृहाच्या शेजारी १९४२ साली केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचे लहानसे दुकान थाटले आणि चित्रगृहाचेच नाव दुकानाला दिले. चित्रगृह गेले, पुस्तकांशी जोडलेले नाव टिकले.

हे सारे वाचून गिरगाव म्हणजे केवळ गाण्याबजावण्याचे आणि सणउत्सवांचे ठिकाण, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रार्थना समाज १८६७ साली मुंबईत स्थापन झाला आणि त्याचे मंदिर गिरगावात उभे राहिले. तेथील चौकालाही लोक 'प्रार्थना समाज' असेच म्हणतात. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि त्या पतिपत्नींच्या हातून स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य घडले, ते तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. चौपाटीच्या वाळूतच १ ऑगस्ट १९२० रोजी अलोट गर्दीत लोकमान्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला.

आणि जवळिकीला एक काळी बाजूही होती. तीही सांगितली पाहिजे. पुष्कळ वाड्यांतून एकेका ज्ञातीचेच लोक राहत. खोली मागावयास आलेल्या माणसाला आधी आडनाव विचारले जाई. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते त्यांना अशा चाळींत बिऱ्हाड मिळणे बहुधा अशक्यच होते. सज्ज्यातील सलोखा कितीही गोड असला, तरी त्याचे दार सर्वांना उघडे नव्हते. चाळीतील बायकांचे कष्टही पुस्तकांत सहसा येत नाहीत. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा रांगेत उभे राहण्यासाठी कोणीतरी उठलेले असे, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातील आई किंवा थोरली मुलगी.

आता या चाळींचे काय होत आहे, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. मालकांनी भाडी भरमसाट वाढवू नयेत, म्हणून सरकारने १९४७ साली कायदा केला आणि भाडी १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. गरीब भाडेकरूला यामुळे मोठा आधार मिळाला. पण सिमेंट, लाकूड, मजुरी यांचे भाव दरवर्षी चढत गेले आणि भाडे तेथेच राहिले. खोलीच्या भाड्यात एक कौलही बदलता येईना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरू म्हणत, 'घर आमचे नाही, आम्ही कशाला खर्च करू?' मध्ये वाळवी आणि पावसाळा यांनी आपले काम चालू ठेवले. जुन्या चाळी पडू लागल्या, माणसे दगावली. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावे लागले. कोणाही एकाला दोष देऊन हा गुंता सुटत नाही. ज्या स्वस्त भाड्याने लेखक-कलावंतांना गिरगावात टिकू दिले, त्याच भाड्याने त्यांची छपरे कुजविली.

आज पुष्कळ चाळींच्या जागी तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उठले आहेत. खोताच्या वाडीतील रंगीत घरांतूनही बरीचशी गेली. उरलेली जतन व्हावीत म्हणून तेथील रहिवासी आणि वास्तुतज्ज्ञ वर्षानुवर्षे झगडत आहेत. भुयारी मेट्रोसाठीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५ पासून त्या मार्गावरील गिरगाव स्थानकात गाडी थांबू लागली. मनोऱ्यात राहावयास गेलेल्या कुटुंबाला स्वतःचा नळ मिळाला, स्वतःचे स्नानगृह मिळाले, आजीला जिना चढावा लागत नाही. हे सुख लहान नव्हे, आणि लांब राहून चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते कमी लेखू नये. मात्र मनोऱ्यात सज्जा नसतो. दार लावले की शेजार संपतो. चौकाच्या जागी मोटारी उभ्या असतात. मुलांचे नाटक बसवावयाचे तर तालीम कोठे करावी, आणि ते तिन्ही मजल्यांवरून फुकट बघणारे प्रेक्षक कोठून आणावेत? नवी घरे बांधणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर एखादा मोकळा सज्जा आणि खाली मोटारींना मनाई असलेला एक चौक ठेवला, तर त्यात फार पैसा जाईल असे मला वाटत नाही. पण तसे बांधणारे अजून विरळा.

पुष्कळ गिरगावकर आता डोंबिवली, ठाणे, पार्ले, विरार अशा ठिकाणी राहतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी आणि गणपतीच्या दहा दिवसांत ते आपल्या जुन्या वाडीत परत येतात. एरवी ओस वाटणाऱ्या जिन्यांवर त्या दिवसांत पाय ठेवावयास जागा नसते.

तुमच्यापैकी कोणाचे कधी मुंबईस जाणे झालेच, तर चर्नी रोड स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूने बाहेर पडावे. केळेवाडीतील साहित्य संघाचे नाट्यगृह जवळच आहे. दारावरील फलकावर त्या दिवशीचा प्रयोग लिहिलेला असतो. तेथून ठाकूरद्वाराकडे निघाले की, वाटेत कोणालाही केशवजी नाईकांची चाळ विचारावी. बोट दाखविणारा मनुष्य बहुधा तिची थोडी माहितीही सांगतो. खोताच्या वाडीत जावयाचे ते उन्हे कलल्यावर जावे. दिवेलागणीला ओट्यांवर माणसे बसलेली असतात. ती तेथे राहतात, म्हणून खिडक्यांतून डोकावू नये व मोठ्याने बोलू नये. ओटीवरच्या आजींना नमस्कार केला, तर त्या मराठीतच विचारतील, "कुठून आलात, बाळांनो?" रिसोड कोठे आले, हे मग तुम्हांला त्यांना समजावून सांगावे लागेल.